कोंबडा की कोंबडी?

दोस्तांनो, नाताळच्या भेटकार्डावरची ती डहाळी आठवते का? गडद हिरवी, चकचकीत पानं. पानांच्या कडांना टोकदार काटे. आणि मधोमध लालचुटुक फळांचा घोस. डिसेंबर उजाडला की केकच्या दुकानांत हीच डहाळी प्लॅस्टिकची होऊन काचेवर लटकते. या झाडाचं नाव हॉली.

माझी एक भाची आहे. आठवीत शिकते. असंच एक कार्ड हातात नाचवत ती नाताळच्या सुट्टीत आजोळी आली आणि आल्या आल्या तिने जाहीर केलं, "मामा, आजीच्या कुंपणाला आपण ही हॉली लावायची! काटे आहेत, म्हणजे शेळ्या आत येणार नाहीत. बारा महिने हिरवी राहते, म्हणजे सावलीसुद्धा. शिवाय लाल फळं! आणि हो, कोपऱ्यातलं ते जंगल आधी काढून टाकायचं."

आजोळ म्हणजे आंबी. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेजवळ, इंद्रायणीच्या काठचं हे गाव. आजीच्या घरापुढे छोटं अंगण आहे आणि अंगणाला तीन तारांचं कुंपण. कुंपण नुसतं नावाला! शेळ्या मान घालून आत येतात आणि आजीची जास्वंद फस्त करतात. आसपास कारखाने आले, वसाहती वाढल्या, तशा एकेका घराभोवती सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या. आमच्याकडेही भिंतीची चर्चा सुरू होतीच. भिंत घातली असती तर कोपऱ्यातलं "ते जंगल" जाणारच होतं.

आणि "ते जंगल" म्हणजे काय माहीत आहे? करवंदाची जुनी जाळी!

आजी काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "लावा की. पर त्या झाडाला ईचारलंय का, हितं ऱ्हाशील का म्हनून?"

आम्ही हसलो. पण आजीचं म्हणणं किती खरं होतं, ते आम्हाला पुढच्या सहा महिन्यांत कळलं. घरच्या बागेसाठी झाड निवडायचं असेल, तर त्या झाडाला चार प्रश्न विचारावे लागतात. झाड बोलत नाही, हे खरं. पण पान, फूल, फळ बघितलं की उत्तरं मिळतात. चला, एकेक प्रश्न बघू.

पहिला प्रश्न : तुझं खरं नाव काय?

आम्ही रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेत गेलो. "हॉली आहे का?" म्हणून विचारलं. "आहे ना!" असं म्हणत तिथल्या माणसाने एक छोटंसं रोप काढून दिलं. पानं अगदी कार्डातल्यासारखी. चकचकीत आणि कडांना काटे. भाची खूश! रोप घरी आलं, कुंडीत बसलं.

काही आठवड्यांनी त्याला फुलं आली. फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांची, झालर लावल्यासारखी. आता मात्र आम्ही चमकलो. कारण खऱ्या हॉलीचं फूल असतं पांढुरकं, इवलंसं आणि बहुतेक वेळा चारच पाकळ्यांचं.

मग आम्ही पानं नीट पाहिली. आमच्या रोपाची पानं समोरासमोर होती. म्हणजे फांदीवर एका ठिकाणी डावीकडे एक पान आणि बरोबर त्याच्या समोर उजवीकडे दुसरं. हॉलीची पानं अशी जोडीने येत नाहीत. एक डावीकडे, त्याच्या थोडं वर दुसरं उजवीकडे, अशी एकाआड एक येतात. झालं, पितळ उघडं पडलं! आमचं रोप होतं मॅल्पिघिया. मूळचं वेस्ट इंडिजकडचं. याला बाजारात "सिंगापूर हॉली" म्हणतात. गंमत बघा, ते सिंगापूरचंही नाही आणि हॉलीही नाही!

रोपवाटिकेतल्या माणसाने आम्हाला फसवलं का? नाही. तो त्या रोपाला हॉलीच म्हणत होता. घोटाळा नावाचा होता. पानाला काटे दिसले की लोक "हॉली" म्हणून मोकळे होतात. आपल्या कोकणातल्या खाड्यांमध्ये, खारफुटीच्या चिखलात मारांडी नावाचं झुडूप वाढतं. त्याची पानंही अशीच काटेरी. इंग्रजीत त्यालासुद्धा "समुद्रातली हॉली" अशा अर्थाचं नाव आहे.

म्हणून तर झाडांना शास्त्रीय नाव देतात. खऱ्या हॉलीचं नाव आहे आयलेक्स अॅक्विफोलियम. १७५३ साली लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने ते आपल्या ग्रंथात नोंदवलं. रोमन लोक मात्र आयलेक्स हा शब्द वापरायचे एका जातीच्या ओक झाडासाठी, ज्याची पानं हॉलीसारखी दिसतात. म्हणजे नावांचा हा गोंधळ चांगलाच जुना आहे!

तेव्हा रोप घेताना पाटीवर विसंबू नका, चित्रावर तर मुळीच नाही. शास्त्रीय नाव विचारा आणि पान स्वतः तपासा.

दुसरा प्रश्न : तू कुठला?

समजा, खरी हॉली मिळाली असती तर? तर आजीचा प्रश्न समोर उभा राहिला असता, "हितं ऱ्हाशील का?"

खरी हॉली मूळची पश्चिम आणि दक्षिण युरोपची. तिला दमट, गार हवा लागते. फार कडक हिवाळा तिला सोसत नाही आणि कोरडा, भाजून काढणारा उन्हाळाही. आता आंबीचं बघा. एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० अंशांपर्यंत चढतो, जमीन तडकते, विहिरी खाली जातात. ज्या झाडाला उन्हाळ्यातही गारवा हवा, त्याला इथे मे महिन्यात कोण वाचवणार?

तुम्ही म्हणाल, "पण तळेगावच्या परिसरात तर हरितगृहांत गुलाब पिकतो की!" अगदी बरोबर. मावळातले गुलाब फेब्रुवारीत थेट परदेशी जातात. पण त्या गुलाबांसाठी प्लॅस्टिकचं छप्पर, ठिबकचं पाणी, मोजून खत आणि चोवीस तास देखरेख असते. तो शेतकऱ्याचा धंदा आहे. कुंपणाच्या झाडाचे एवढे लाड कोण करणार? कुंपण आपलं आपण उभं राहायला हवं.

हॉलीची भावंडं भारतातही आहेत बरं का! आयलेक्स कुळातल्या जाती जगभर पाचशेहून अधिक आहेत. हिमालयात एक काटेरी पानांची हॉली वाढते. निलगिरीच्या डोंगरांत आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या सदाहरित जंगलांतही आयलेक्सच्या जाती आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या एका जातीच्या पानांचा तर चहा करतात. अर्जेंटिनाचे फुटबॉलपटू एका छोट्या भांड्यातून नळीने काहीतरी ओढताना तुम्ही पाहिले असतील. तो मातेचा चहा, म्हणजे हॉलीच्या चुलतभावाचा! पण ही सगळी भावंडं गार डोंगरांतली किंवा दाट, ओल्या जंगलांतली. आंबीच्या उघड्या अंगणातली नव्हेत.

मावळ केवढासा तालुका! पण त्यातही हवा बदलते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून रेल्वेने तळेगावला या, अंतर अवघं तीस किलोमीटर. पण तेवढ्यात पाऊस निम्म्याहून कमी होतो. म्हणजे लोणावळ्यातल्या बंगल्यात जे झाड मजेत वाढतं, ते आंबीत रुसू शकतं. म्हणून शेजाऱ्यांच्या अंगणात, गावाच्या बांधावर, टेकडीवर काय वाढतंय ते आधी बघा. पाणी न घालता, खत न देता जे मे महिन्यातही हिरवं आहे, ते तुमच्याकडेही टिकेल.

आणखी एक सांगतो. कुणी म्हणेल, "माझा काका परदेशात असतो, तो बॅगेतून रोप घेऊन येईल." तसं करू नका! परदेशातून रोपं, बिया आणायला रीतसर परवानगी लागते. भारतात त्यासाठी २००३ सालचा खास आदेश आहे. कारण रोपाबरोबर कीड येते, रोग येतो. कधी कधी तर ते झाडच डोईजड होतं. आपल्या डोंगरांवर माजलेली घाणेरी आठवा. ती मूळची अमेरिकेतली. शोभेचं झाड म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बागेत लावली आणि ती बाग सोडून रानभर पसरली. खुद्द हॉलीनेही हेच केलं आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन आणि ओरेगॉन राज्यांतल्या जंगलांत, बागेतून निसटलेली युरोपातली हॉली आता डोकेदुखी झाली आहे.

तिसरा प्रश्न : एकटा फळशील की जोडीदार हवा?

हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. आणि खरी गंमत इथेच आहे.

युरोपात लोक हौसेने हॉली लावतात. पाच-सहा वर्षं वाट बघतात. झाड मोठं होतं, फुलं येतात, पण लाल फळ काही धरत नाही. का? कारण हॉलीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं! फळं येतात फक्त मादी झाडाला. आणि तीसुद्धा जवळपास नर झाड असेल आणि मधमाश्यांनी त्याचे परागकण आणून दिले तरच. एक नर झाड आसपासच्या अनेक मादी झाडांना पुरतं. पण ते एक तरी हवंच.

ओळखायचं कसं? फुलात डोकावून. नर फुलात पिवळ्या परागकणांनी भरलेले पुंकेसर असतात. मादी फुलात मधोमध हिरवा, फुगीर मणी दिसतो. त्याचंच पुढे फळ होतं.

नावावर जाल तर इथेही फसाल. हॉलीच्या दोन प्रसिद्ध बागायती जाती आहेत. एक "गोल्डन किंग" म्हणजे सोनेरी राजा, दुसरी "गोल्डन क्वीन" म्हणजे सोनेरी राणी. सांगा बरं, फळं कुणाला येत असतील? राणीला? चुकलात! राजा आहे मादी आणि राणी आहे नर!

"असली झाडं आपल्याकडे नाहीत ना?" भाचीने विचारलं. आहेत की! परसातली पपई घ्या. तिच्या बऱ्याच वाणांत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. रोप लहान असताना काही कळत नाही. फुलं आली की मग गुपित फुटतं. नर झाडाला लांब दांड्यावर फुलांचे झुपके लोंबतात. मादी झाडाची मोठी फुलं खोडाला चिकटून येतात. म्हणून शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात आणि फुलं दिसल्यावर जास्तीचे नर काढून टाकतात. सगळे नाही हं, थोडे परागकणांसाठी ठेवतात.

पावसाळ्यात मावळच्या बाजारात येणारी कर्टोली तुम्ही खाल्ली असतीलच. काटेरी कातडीची, हिरवी, छोटीशी. तिचेही वेल नर आणि मादी असे वेगळे. फुलाच्या मागे इवलंसं कर्टोलं चिकटलेलं दिसलं की तो वेल मादी समजायचा. कर्टोल्याची शेती करणारे लोक आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल ठेवतात. "याला फळ येत नाही, उपटून टाका!" असं म्हणून कुणी सगळे नर वेल उपटले, तर बाकीच्या वेलांनाही कर्टोली धरणार नाहीत.

चौथा प्रश्न : तुझ्याकडे कोण येणार?

झाड लावलं की पाहुणे येतात. पाखरं, फुलपाखरं, मुंग्या, शेळ्या आणि शेजारची छोटी मुलंसुद्धा! हॉलीची लाल फळं पक्षी आवडीने खातात, पण माणसाला ती बाधतात. मुलांनी खाल्ली तर उलट्या होतात. आपल्याकडे कुंपणाला हल्ली सर्रास डुरांटा लावतात. त्याची पिवळीधमक फळंही विषारी. कण्हेर विषारी, बिट्टीच्या बिया फारच विषारी. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणून घरात लहान मूल असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

आणि काट्यांचं काय? काटे म्हणजे झाडाचे पहारेकरी. हॉलीच्या बाबतीत तर एक नवलच आढळलं आहे. एकाच झाडावर खालची पानं काटेरी आणि उंचावरची पानं गुळगुळीत असू शकतात. स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी यावर अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जनावरांनी जिथे पानं कुरतडली, तिथे झाड जास्त काटेरी पानं काढतं, असं त्यांना दिसलं. शेळीचं तोंड पोहोचत नाही तिथे काटे कशाला? झाडही काटकसर करतं!

उत्तर कोपऱ्यातच होतं

मे महिना आला. परीक्षा संपवून भाची पुन्हा आंबीला हजर. अंगण तापलं होतं. कुंडीतलं मॅल्पिघिया रोज पाणी घालून कसंबसं तग धरून होतं. जास्वंद तर नेहमीप्रमाणे शेळीच्या पोटात गेली होती. आणि कोपऱ्यातली करवंदाची जाळी? हिरवीगार! काळ्याभोर करवंदांनी लगडलेली. आत कुठेतरी बुलबुलाची जोडी ये-जा करत होती.

आजीने मूठभर करवंदं भाचीच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "सांग, कोंबडा का कोंबडी?"

हा खेळ तुम्हाला माहीत आहेच. करवंद दाताने तोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. भाची म्हणाली, "कोंबडी!" निघाला कोंबडा. मग दुसरं, तिसरं, दहावं... तोंड जांभळं होईपर्यंत खेळ चालला. मध्येच ती थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं होतं.

"मामा, म्हणजे करवंदातही नर आणि मादी वेगळे असतात?"

नाही! खेळातला कोंबडा-कोंबडी हा फक्त गराच्या रंगाचा. करवंदाच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि फळ धरणारा भागही. म्हणजे इथे नर झाड शोधा, मादी झाड शोधा, ही भानगडच नाही. कुठलंही रोप लावा, ते फळणारं झाड.

मग भाचीने आपणहून चारही प्रश्न त्या जाळीला विचारले.

तुझं खरं नाव काय? करवंद. संस्कृतात करमर्द. शास्त्रीय भाषेत कॅरिसा.

तू कुठला? इथलाच. सह्याद्रीच्या खडकाळ टेकड्यांवरचा. मुरमाड जमीन चालते, कडक ऊन चालतं. पाणी मात्र मुळाशी साचलेलं चालत नाही.

जोडीदार हवा? नको.

तुझ्याकडे कोण येणार? जानेवारी ते मार्चमध्ये पांढरी, सुवासिक फुलं येतात, त्यांच्यावर किडे-पाखरं. मे महिन्यात फळं, त्यांच्यावर बुलबुल आणि मुलं. शेळी मात्र येणार नाही, कारण काटे बोटभर लांब आणि दोन शिंगांसारखे.

कच्च्या करवंदांचं लोणचं होतं, पिकलेली तशीच खायची. आणि नाताळच्या केकवरची ती लालभडक, पाकातली "चेरी" असते ना? आपल्याकडे पुष्कळदा ते कच्चं करवंद असतं, रंगवलेलं आणि साखरेच्या पाकात मुरवलेलं! म्हणजे हॉलीच्या कार्डाशेजारी ठेवलेल्या केकवर आपलं करवंद आधीच जाऊन बसलं होतं. आम्हालाच ते ओळखू आलं नव्हतं.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातली. दोघांनाही चीक येतो. पण करवंद खायचं आणि कण्हेर विषारी. म्हणून "चीक आला, काटा दिसला, म्हणजे करवंद" असा हिशेब करू नका. रानातलं कुठलंही फळ जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही.

कुंपण कसं लावाल?

करवंदाचं बी ताजंच पेरावं लागतं. जुनं झालं की उगवत नाही. भाचीने खाल्लेल्या करवंदांच्या बिया धुऊन सावलीत एक-दोन दिवस सुकवल्या आणि जूनच्या सुरुवातीला दुधाच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये पेरल्या. पिशव्यांना खाली भोकं पाडायला विसरू नका हं! माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत यांचं मिश्रण पुरतं. रोपं वर्षभर पिशवीतच वाढवायची आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावायची. दोन रोपांमध्ये दोन फूट अंतर ठेवायचं.

आता एक हिशेब सोडवा. आजीच्या अंगणाची एक बाजू तीस फुटांची आहे. दोन फुटांवर एक रोप, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती रोपं लागतील? पंधरा म्हणालात? भाचीही पंधराच म्हणाली होती. पण पंधरा झाली मधली अंतरं. रोपं लागतात सोळा. पहिल्या टोकाचं रोप मोजायचं राहून जातं ना!

रोपवाटिकेतून तयार रोपं घ्यायची असतील तर सगळ्यात उंच रोप उचलू नका. उंच आणि लुकड्या रोपापेक्षा बुटकं, जाड खोडाचं, खालपासून फांद्या फुटलेलं रोप कुंपणाला चांगलं. पिशवीच्या तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ते रोप पिशवीत फार दिवस अडकलं आहे, असं समजा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने "कोकण बोल्ड" नावाचा मोठ्या फळांचा वाणही काढला आहे. पण नुसतं कुंपणच हवं असेल तर गावच्या जाळीचं बी उत्तम. ते तुमच्या मातीला सरावलेलं असतं आणि फुकट मिळतं!

रोपं रुजली, हातभर वाढली की शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात आणि कुंपण दाट होतं. पहिला उन्हाळा आठवड्यातून एक-दोनदा पाणी द्या. नंतर झाड आपलं आपण बघून घेतं.

सोळातली अकरा

गेल्या पावसाळ्यात आम्ही ती सोळा रोपं लावली. खोटं कशाला सांगू, सगळी जगली नाहीत. दोन शेळीने कोवळेपणीच खाल्ली. तेव्हा काटे कुठे आले होते त्यांना? तीन रोपं पागोळ्यांचं पाणी मुळाशी साचून कुजली. उरली अकरा. भाची हिरमुसली. आजी म्हणाली, "मोकळ्या जागी परत बी टोच. कुंपान का येका सालात व्हतं व्हय?"

फळं धरायला लावणीपासून तीन-चार वर्षं लागतील. तोवर भाची कॉलेजात गेलेली असेल. भिंत आठ दिवसांत उभी राहिली असती, हेही खरं. पण भिंतीला मे महिन्यात करवंदं येत नाहीत. भिंतीत बुलबुल घरटं करत नाही.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या कानावर घालायची आहे. मे महिन्यात लोणावळा-खंडाळ्याला गेलात तर रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या कातकरी, ठाकर बायका आणि मुलं दिसतील. पहाटे टेकड्यांवर जाऊन, काटे बोचून घेत त्यांनी ती वेचलेली असतात. या जाळ्या कुणी लावल्या नाहीत. पक्ष्यांनी बी टाकलं, पावसाने वाढवलं. पण डोंगराला वणवा लागला की जाळ्या जळतात. जमीन सपाट करायची म्हटली की यंत्र आधी त्यांच्यावरूनच फिरतं. कारण सगळ्यांच्या लेखी ते "नुसतं जंगल" असतं. आम्हीही तेच म्हणालो होतो ना?

ते जंगल नव्हतं. ते आमचं बियाणं होतं. भाचीच्या हट्टापायी तो कोपरा आम्ही साफ केला असता, तर सोळा रोपांचं बी कुठून आणलं असतं?

ते हॉलीचं कार्ड भाचीने अजून जपून ठेवलंय. चित्र सुंदरच आहे. आणि हॉलीही सुंदरच आहे, तिच्या गावी. मॅल्पिघियाची कुंडी ओट्यावरच्या सावलीत हलवली. तेही मजेत आहे. निवडताना चूक झाली ती आमची, झाडाची नव्हे.

तुम्हीही करून पाहा

१. या मे महिन्यात एकाच जाळीवरची दहा करवंदं तोडून बघा. कोंबडे किती, कोंबड्या किती, ते वहीत लिहा. मग दुसऱ्या जाळीवरची दहा बघा. एका जाळीवर सगळे कोंबडेच निघतात की मिसळ असते? उत्तर पुस्तकात शोधू नका. जाळीलाच विचारा!

२. तुमच्या गल्लीतली किंवा वाडीतली पाच कुंपणं बघा. भिंती किती, तारा किती, झाडांची किती? झाडांच्या कुंपणात कोण कोण राहतं, तेही टिपा.

३. परसात फळ न येणारी पपई असेल तर तिचं फूल जवळून बघा आणि घरच्यांना सांगा ती नर आहे की मादी. आणि तोडण्याआधी विचार करा, शेजारच्या पपईला हिचीच गरज तर नाही ना?